दोन राखाडी चौकोन

पोंकाचे दिवस आले की मी हल्ली तापीकाठच्या रस्त्याने जात नाही. गोडादऱ्याहून तिकडे जायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात, गुडघे साथ देत नाहीत, असं घरात सांगतो. त्यात खोटं काही नाही. पण गुडघे धड होते तेव्हाही गेली चार वर्षं मी गेलो नव्हतो.

यंदा पोंकच घरी आला. किशोरने, माझ्या मुलाने, रंगाईच्या कारखान्यातून परतताना पुडा आणला आणि ओट्यावर सोडला. कोवळ्या ज्वारीचा भाजका, थोडा धुरकट, थोडा दुधाळ वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला. आमच्या खानदेशात हाच हुरडा. तिकडे तो शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा आणि तळहातावर चोळून, फुंकर मारून खायचा. सुरतेत त्याचा पोंक होतो. लिंबू-मिऱ्याची शेव आणि खडीसाखरेएवढ्या बारीक पांढऱ्या गोळ्या सोबत येतात. माझी नात भूमी लहान असताना आधी त्या गोळ्याच वेचून खायची. एकेक दाणा उचलायची, उजेडाकडे धरून बघायची आणि मग तोंडात टाकायची.

एका वर्षी तिने त्या गोळ्या खाल्ल्या नाहीत. त्या वर्षाच्या हंगामाची गोष्ट आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली. नातेवाइकांत सांगितली, गल्लीत सांगितली. ती जशी सांगितली जाते तशी घडलेली नाही. हे घरात एकट्या मला ठाऊक होतं आणि मी गप्प होतो. आता घरात सांगून झालं आहे. तरी लिहूनही ठेवतो, कारण बोललेलं पुन्हा सोयीसारखं वळवता येतं, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

भूमी तेव्हा सहा वर्षांची होती. ती बोलत नाही. ऑटिझम आहे हे तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधी आम्ही सगळे म्हणत होतो, उशिरा बोलेल, किशोरही उशिराच बोलला होता. ती गुणगुणते, हसते. काही हवं असेल तर आपलं मनगट धरून त्या वस्तूपाशी नेते. नको असेल तर तेव्हा चावायची. माझ्या डाव्या हातावर तिच्या दातांच्या खुणा महिनोन्‌महिने असायच्या आणि खात्यातले जुने सोबती भेटले की विचारायचे, "काय मास्टर, घरी कुत्रं पाळलं का?" मी हसून हात मागे घ्यायचो. नात आहे, असं मी कधी सांगितलं नाही.

खातं म्हणजे यंत्रमागांची शेड. तिथे मी तेहेतीस वर्षं काढली, त्यातली वीस मास्टर म्हणून. माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि कारीगर बिघडला की त्यालाही, असं ते काम.

किशोर कारखान्यात, सून सविता पर्वत पाटियाच्या बाजारात साड्यांच्या पॅकिंगला. मी निवृत्त, बायको आधीच गेलेली. म्हणून भूमीला रोज दुपारी अशा मुलांना शिकवणाऱ्या हेतलबेनकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. पर्वत पाटियालाच एका मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. पांढऱ्या भिंती, खाली गादी, खिडकीला जाड पडदा. हेतलबेन तिशीची असेल. आमच्याशी ती मराठी बोलायची, पण मधूनच गुजरातीत घसरायची. पोरांशी मात्र फार कमी बोलायची. मला आधी वाटलं, ही शिकवते काय? नुसती शेजारी बसून राहते.

तिनेच टॅबचं सुचवलं. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो आणि मूल त्याने बोलतं. किशोरने टॅब आणला. मग कुठलं ॲप घ्यायचं यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. किशोरच्या लग्नाच्या वेळीही एवढी झाली नव्हती.

मी शोधलेलं ॲप रंगीत होतं. हत्ती यायचा, केळं यायचं, इंग्रजीत प्रश्न यायचा आणि बरोबर चित्र दाबलं की टाळ्या वाजायच्या. भूमी चार दिवसांत सगळी फळं ओळखू लागली. मी कौतुकाने ते हेतलबेनला दाखवलं.

ती म्हणाली, "काका, हे तिला विचारतं. आपल्याला असं पाहिजे की जे घेऊन ती आपल्याला विचारेल."

"पण टाळ्या वाजल्या की खूश होते ती."

"टाळ्यांनी तुम्ही खूश होता, काका. ती तर कानावर हात ठेवते. बघा ना."

मी बघितलं. खरंच ठेवला होता.

दुसरं ॲप मोठं होतं, शेकडो चित्रं असलेलं. त्यात एक पुरुष जाड हिंदीत बोलायचा, "मुझे पानी चाहिए." सविता ते ऐकून पोट धरून हसली. म्हणाली, "ही माझी पोर आहे का बँकेचा फोन?"

तिसरं साधंच. पडद्यावर सोळा चौकोन. त्यांत आपल्याच घरातले फोटो घालायचे आणि आवाजही आपलाच भरायचा. आपला माठ, आपला जिना, आपला आबा. टाळ्या नाहीत, हत्ती नाही, नेटही लागत नाही. हेतलबेनने हेच घ्यायला सांगितलं आणि दोन गोष्टी बजावल्या. चौकोनांच्या जागा बदलायच्या नाहीत, कारण हात जागा लक्षात ठेवतो. आणि तिने जे दाबलं ते आधी खरं धरायचं, चुकून दाबलं असं वाटलं तरी.

पहिल्या ओळीत तिने चार चौकोन ठेवले. नको, थांब, दुखतं, मदत. मी हरकत घेतली. म्हटलं, पाणी वर पाहिजे, जेवण वर पाहिजे. पहिल्याच ओळीत रडगाणं कशाला?

"पाणी ती तुमचा हात धरून मागू शकते. नको कसं सांगेल?" माझ्या मनगटाकडे बघत ती म्हणाली, "आत्ता सांगते ते तर दिसतंच आहे."

आवाज सविताने भरला, एका रविवारी. गल्लीच्या तोंडाशी खातं आहे, त्याची धडधड दिवसरात्र घरात येते. म्हणून खिडक्या लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन ती आत बसली आणि एकेक शब्द बोलली. 'दुखतं' म्हणताना तिला हसू यायचं. चार वेळा भरला, पाचव्या वेळी जमला, तरी त्याच्या शेवटी हसू थोडं राहूनच गेलं. "राहू दे आता," किशोर म्हणाला, "हसतमुख दुखणं आहे आपलं."

भूमीने पहिला शब्द दाबला तो 'थांब'. सविता तिची नखं काढत होती. तिने हात थांबवला, नेलकटर खाली ठेवलं आणि ती रडायला लागली. भूमी तिच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा दाबलं, थांब. कदाचित रडणंही थांबवायचं असेल. पुढे आठ दिवस तिने चावा घेतला नाही. मग 'नको' सापडलं आणि ती ते दिवसातून चाळीस वेळा दाबू लागली. आंघोळ नको, स्वेटर नको, भाजी नको, रिक्षा नको. सविताच्या आवाजात मला माझ्याच घरात दिवसभर नकार ऐकू येऊ लागला.

खात्यातलं थोडं सांगायला हवं. साठ माग एकदम चालू असले की तिथे माणसाचा आवाज चालत नाही. शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. दिवा गेला, ताण्याचा बीम संपला, बाहेर बायको आली आहे, सगळ्याला खूण होती. ओडिशाचा, बिहारचा, आमच्या धुळ्याचा, कुठलाही नवा माणूस महिन्याभरात ती भाषा शिकायचा. तेहेतीस वर्षं मी दिवसाचे बारा तास तोंड न उघडता बोललो आणि नात तोंड न उघडता बोलते याची मला लाज वाटत होती. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट मात्र अलीकडेच सुचली आणि तेव्हापासून मनातून जात नाही. त्या सगळ्या खुणांत 'नाही'ची खूण नव्हती. कुणाला कधी गरज पडली नाही, कारण मास्टरने बोट दाखवलं की त्या मागावर जायचं, एवढंच होतं. नाही म्हणणारा पुढच्या सोमवारी दिसायचा नाही. 'दुखतं'ची खूण होती, कमरेवर हात. पण ती बघून मी काय करायचो, तर मान दुसरीकडे फिरवायचो. दुखतंय म्हणणारा कारीगर कामचोर, हे मला माझ्या मास्टरने शिकवलं होतं आणि मी पुढच्या दहा-बारा जणांना शिकवलं. उत्तम शिकवलं. त्यातले दोघे आज स्वतः मास्टर आहेत.

तर त्या हिवाळ्यात पोंक निघाला तशी माझी थोरली बहीण अक्का शिरपूरहून आली. दर वर्षी यायची, पोंकासाठी आणि उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, पतंग बघायला. मी नदीकाठी जाऊन ताजा पोंक आणला. ताट भरून मधे ठेवलं. सविता सुट्टीवर होती, शेजारच्या दोन बायका आल्या होत्या. अक्काने चिमूटभर पोंक आणि दोन साखरेच्या गोळ्या भूमीपुढे धरल्या.

"जेवी ले माय."

भूमीने टॅब ओढला. नको.

"आत्याआजी आहे, घे," मी म्हणालो.

नको. नको. मग हसऱ्या आवाजात, दुखतं. मग पुन्हा नको.

अक्का मोठ्याने हसली. बायकांकडे बघून म्हणाली, "पोरले बोलता येस नही, पन 'नको' म्हनता बराबर येस. मास्टरनी नात शोभस." त्या बायकाही हसल्या. एक म्हणाली, "मशीनच उद्धट आहे, पोरीचं काय."

सविता हसली नाही. तिने भूमीचं तोंड उघडून बघायचा प्रयत्न केला, बोटं तपासली, गुडघे तपासले. काही दिसलं नाही. त्या आठवड्यात 'दुखतं' बरेचदा दाबलं जात होतं, बहुतेक जेवताना आणि ब्रश करताना. दाढ आतल्या बाजूने किडत होती. सहा वर्षांच्या, तोंडात बोट घालू न देणाऱ्या पोरीच्या शेवटच्या दाढेत कोण बघणार? पण ती सांगत होती. तिच्याकडे त्यासाठी एक शब्द होता आणि ती तो बरोबर जागी वापरत होती.

दुसऱ्या दिवशी सविता कामावर गेली, अक्का शेजारी गेली. दुपारी मी टॅब घेऊन बसलो. चौकोनावर बोट दाबून धरलं की तीन पर्याय येतात. बदला, हलवा, लपवा. हेतलबेनने सविताबरोबर मलाही शिकवलं होतं, मी यंत्रातला माणूस म्हणून. मी 'नको' लपवला. मग 'दुखतं' लपवला. त्यांच्या जागी दोन राखाडी चौकोन राहिले. माग खडखडायला लागला की कुठला सुटा भाग काढायचा हे मला न बघता कळायचं. तसंच वाटलं. अक्का आहे तोवर राहू दे, असं मनाशी म्हणालो.

भूमी आली. टॅब घेतला. पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. आवाज आला नाही. पुन्हा ठेवलं. मग तिसऱ्यावर, जिथे 'दुखतं' होतं. मग पहिल्यावर, मग तिसऱ्यावर. तिने टॅब उलटा करून बघितला. आणि मग, तिची जी सवय आहे, तिने माझं मनगट धरलं, माझं बोट सरळ केलं आणि त्या राखाडी चौकोनावर नेऊन टेकवलं. तिला वाटलं असेल, आबाच्या बोटाने वाजेल.

मी बोट काढून घेतलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीचं सगळं सविताला सांगितलं तेव्हाही हे सांगता आलं नाही. इथे लिहिलं आहे, ती वाचेल.

त्यानंतर अठरा दिवस मी तिला हेतलबेनकडे नेलं नाही. अक्का आहे, थंडी आहे, उत्तरायणाची सुट्टी आहे. लग्नसराईमुळे सविताला रोज परतायला उशीर व्हायचा आणि टॅब दिवसभर माझ्या ताब्यात असायचा. एकदा तिने बघितलं आणि विचारलं, "आबा, हे दोन कुठे गेले?"

"हेतलबेनने काहीतरी बदललं मागच्या वेळी."

"जागा बदलायच्या नाहीत म्हणायच्या ना त्या?"

"मला काय ठाऊक. त्या शिकलेल्या."

एवढंच बोलणं झालं. सविता दमलेली होती. जेवून झोपली.

आठव्या दिवशी अक्का गेली. मला आठवतं, तिला बस स्टँडवर सोडून आलो आणि घरात शिरताना वाटलं, किती शांत आहे. कुणी नको म्हणत नव्हतं. भूमी सारखी फरशीवर पडून असायची, डावा गाल खाली टेकवून, डोळे मिटून. फरशीतून खात्याची धडधड येते ती तिला आवडते, असं मला वाटायचं. मी किशोरला म्हणालोही, "रक्तात आहे, मास्टरची नात." मला अभिमान वाटला होता. ती ठणकणारा गाल थंड फरशीला लावत होती.

मग ती स्वतःच्या जबड्यावर बुक्क्या मारू लागली. पुन्हा चावू लागली, मला आणि स्वतःलाही. गच्च्यांवर पोरं पतंग कापून ओरडायची आणि इकडे ती कोपऱ्यात बसून एका लयीत डोकं भिंतीवर मारायची. शेजारची बाई म्हणाली, टॅबमुळे होतं, मेंदूवर परिणाम होतो. मी मान हलवली. पुढचे दोन दिवस मीही तेच म्हणत होतो आणि सांगायला हवं की म्हणताना मला ते खरं वाटत होतं.

अठराव्या दिवशी सकाळी तिचा गाल आणि गळा एकच झाला होता. अंगात ताप. दवाखान्यात डॉक्टरांनी उजेड पाडून बघितलं आणि विचारलं, "पू जबड्यात उतरला आहे. इतके दिवस ही काही बोलली कशी नाही?"

सविता म्हणाली, "ती बोलत नाही." मग माझ्याकडे वळली. "आबा, तुम्हाला काहीच सांगितलं नाही तिने?"

"नाही," मी म्हणालो.

दाढ काढली, हनुवटीखाली छेद देऊन पू काढला. नऊ दिवस ती तिथे होती. हाताला सुई होती म्हणून दोन्ही हात कापडाने पलंगाला बांधून ठेवले होते. मी पायथ्याशी बसायचो. ती माझ्याकडे बघायची नाही. ती तशी कुणाकडेच फारसं बघत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

घरी आणल्यावर किशोर टॅब घेऊन हेतलबेनकडे गेला. मलाही नेलं, साक्षीला. तिथे तीन आया पोरांना घेऊन बसल्या होत्या. किशोर त्यांच्यासमोर म्हणाला, "माझी पोर मरता मरता वाचली. तुम्ही दुखतं काढून टाकलं यातून. का काढलं?"

हेतलबेनने टॅब घेतला, दोन ठिकाणी बोट दाबलं आणि दोन्ही चौकोन परत आले. एवढा वेळ लागतो, श्वास घ्यायला लागतो तेवढा. ती म्हणाली, "हे कुणीतरी लपवलं होतं. मी नाही लपवलं."

"मग काय माझ्या पोरीने लपवलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी पडद्याच्या दांडीकडे बघत होतो. किशोर पुढे खूप बोलला. बाई आहे म्हणून सोडतो, दुकान मांडलंय, पोरांवर प्रयोग करता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "चल, जाऊ दे." तिथे बसलेल्यांना मी समजूतदार वाटलो.

त्या तीन आयांपैकी दोघी गोडादऱ्याच्याच. महिन्याभरात आमच्या भागातून तिच्याकडे कुणी जाईनासं झालं. पुढच्या वर्षी त्या दोन खोल्यांत मोबाइलच्या कव्हरांचं गोदाम झालं. मी त्या जिन्याखालून कितीदा गेलो असेन. खोकी वर जात असायची.

भूमीने त्यानंतर दीड वर्ष टॅबला हात लावला नाही. समोर ठेवला तर पालथा करायची. सविताने नोकरी सोडली. मग तिने, कुणाच्याही मदतीशिवाय, ते बँकेच्या फोनवालं ॲप घेतलं, कारण जुन्यावर आता तिचा विश्वास नव्हता. जाड पुरुषी आवाजात भूमी हळूहळू बोलू लागली. "मुझे नहीं चाहिए." आज ती अकरा वर्षांची आहे. यंदापर्यंत साडेतीन वर्षं आमच्या घरात तिच्या वतीने एक अनोळखी माणूस हिंदीत बोलत आला. आईचा आवाज तिच्याकडे होता, तो माझ्यामुळे गेला.

यंदा पोंक आला त्याच आठवड्यात वर्षा आली. अमरावतीकडची, मागच्या गल्लीत राहते, नवरा बांधकामावर आहे. तिची चार वर्षांची लेक बोलत नाही. लेक दाराशी बसून चपला ओळीने लावत होती. वर्षा सविताला म्हणाली, "ताई, तुम्ही टॅबवर शिकवलं ना भूमीला. कोणतं घेऊ सांगा ना. एकात म्हणे आपला आवाज भरता येते."

सविता पोंक निवडत होती. "ते नको घेऊ. ते दगा देतं. आमच्या वेळी ऐन गरजेला त्यातला शब्दच गायब झाला. पोरीचा जबडा फाडावा लागला."

वर्षा म्हणाली, "माय. बरं झालं विचारलं." आणि लेकीला उचलायला वाकली.

मी खुर्चीत होतो. त्या क्षणी मला काही उदात्त वाटलं नाही. ती पोर अजून चार वर्षांची होती, तिला अजून एकही दाढ किडली नसेल, एवढंच डोक्यात आलं. मी म्हणालो, "ॲपने दगा दिला नाही. शब्द मी लपवले होते."

सविताने मान वर केली नाही. दाणे निवडत राहिली. मग विचारलं, "कधी?"

"अक्का आली होती तेव्हा. दुसऱ्या दिवशी."

"किती दिवस?"

"अठरा."

"अक्का किती दिवस होती?"

"आठ."

"म्हणजे आठ दिवस पाहुण्यांसाठी." तिने ताट बाजूला ठेवलं. "आणि बाकीचे दहा?"

मी म्हणालो, "घर शांत होतं."

वर्षा लेकीला कडेवर घेऊन तशीच उभी होती. आपण निघावं की थांबावं हे तिला कळेना. सविता उठली, तिच्याजवळ गेली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू ते आपल्या आवाजाचंच घे. चांगलं आहे ते. मी येते उद्या, कसं भरायचं दाखवते." मग आत गेली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. स्वयंपाक किशोरने केला. त्याला तिनेच सांगितलं असावं. वाढताना तो म्हणाला, "त्या बाईला मी काय काय बोललो, आबा." मी दोन घास खाल्ले. चवही लागली, हे कबूल करतो. शरीर निर्लज्ज असतं.

हेतलबेन आता भेस्तानला कुणा दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करते. पत्ता काढून गेलो. ती जाड झाली आहे, चष्मा लागला आहे. "बेसो, काका," म्हणाली. मी उभ्यानेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "लपवायचं तुमच्या घरात दोघांनाच येत होतं. सविताबेन लपवणार नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं?"

मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, तुम्हाला खोटं पाडलं असतं.

"हां," ती म्हणाली. "तीन आया समोर बसल्या होत्या. त्यांनी काकांचं ऐकलं असतं." मग घड्याळाकडे बघितलं. "आत एक मूल माझी वाट बघतंय." आणि गेली. माफ केलं असं म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. विचारणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं झालं असतं.

सविताने जुनं ॲप परत आणलं आहे. भूमीने पहिल्या दिवशी टॅब पालथा केला, चौथ्या दिवशी सरळ केला. आवाज नव्याने भरले आहेत आणि आता दोघींनी मिळून चौकोन वाढवले आहेत. काय दाखवायचं, काय लपवायचं, त्याला आत चार आकड्यांचं कुलूप आहे. सविताने ते माझ्या देखत लावलं आणि आकडा मला सांगितला नाही. मी विचारला नाही. किशोरला तो ठाऊक आहे. भूमीलाही ठाऊक आहे, कारण आपले शब्द आता तीच घालते.

काल दुपारी ती माझ्या शेजारी खाटेवर बसली होती. तिला नवीन चौकोन घालायचा होता. आकड्यांचा पडदा आला तशी तिने डावा तळहात आडवा करून माझ्या आणि टॅबच्या मधे धरला. मी तोंड भिंतीकडे केलं आणि तिचं होईपर्यंत तसाच बसून राहिलो.